‘गिव्ह अप’ म्हणजे सोडणे. पण कसले सोडणे?



शेतीच्या साप्ताहिकात इंग्रजीचा धडा कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण हा धडा मला शाळेत नव्हे, एका शेतकऱ्याच्या घरी मिळाला.

गेल्या हिवाळ्यात वाळवा तालुक्यातील एका गावी खोडव्याची पाहणी करून सोप्यात चहाला बसलो होतो. घरातली दहावीतली पोर पुस्तक घेऊन आली. ‘‘साहेब, गिव्ह म्हंजे देणं, अप म्हंजे वर. मग गिव्ह अप म्हंजे वर देणं का न्हाई?’’ कोपऱ्यात मिसरी लावत बसलेली आजी म्हणाली, ‘‘वरच्याला देणं आसंल!’’

प्रश्न रास्त होता. मी म्हटले, बाळ, आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? ‘हाक मारणे’, ‘उडी मारणे’, ‘गप्पा मारणे’ यांत मार कोणाला बसतो? शब्दांची जोडी जमली की अर्थ फिरतो. तो जोडीसकट लक्षात ठेवावा. ‘गिव्ह अप’ म्हणजे ‘सोडून देणे’. पाहा, आपल्या शब्दातही ‘देणे’ आहेच!

चार अर्थ

पहिला अर्थ सवय सोडण्याचा. ‘आजीने मिसरी गिव्ह अप केली.’ (आजी लगेच म्हणाली, ‘‘म्या न्हाई केली!’’)

दुसरा अर्थ प्रयत्न सोडण्याचा, हात टेकण्याचा. कृष्णाकाठी पाटाच्या व उपशाच्या पाण्याचा अतिवापर होऊन किती रान क्षारपड झाले! कित्येकांनी ते कायमचे गेले म्हणून पडीक सोडले. पण जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा काढला, माती तपासून गरजेप्रमाणे जिप्सम टाकले, ताग-धैंचा गाडला, तर असे रान पुन्हा पिकाला येते. ‘डोन्ट गिव्ह अप’ याचा अर्थ एवढाच, की हात टेकू नका.

तिसरा अर्थ शरण जाण्याचा. क्रांतिसिंह नाना पाटील याच तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. १९४२ च्या चळवळीत ते भूमिगत झाले आणि १९४६ पर्यंत इंग्रज सरकारच्या हाती लागले नाहीत. त्यांनी स्वतःला ‘गिव्ह अप’ केले नाही.

चौथा अर्थ आपली जागा, वस्तू किंवा हक्क दुसऱ्यासाठी सोडण्याचा. एस.टी.त म्हातारीला बसायला जागा देतो, ते हेच. २०१५ साली गॅसच्या अनुदानासाठी ‘गिव्ह इट अप’ मोहीम निघाली, तीही याच अर्थाची. त्या नावात व्याकरणही आहे. ‘इट’ नेहमी मध्ये बसते. ‘गिव्ह अप इट’ लिहिले की गुण गेला. आणि शेजारच्या जोड्यांशी गल्लत करू नये. ‘गिव्ह इन’ म्हणजे नमते घेणे, ‘गिव्ह बॅक’ म्हणजे परत देणे.

पोरीचे वाक्य

मी पोरीला म्हटले, आता तुझे तू एक वाक्य कर. तिने वहीत लिहून पुढे केले, ‘माय आत्या गेव्ह अप हर शेअर.’ माझ्या आत्याने आपला वाटा सोडला.

वाक्य बिनचूक होते. पण सोप्यात कोणी बोलेना. आजीने डबी मिटली. पोरीचा बाप कपबशा उचलून आत गेला.

बंधूंनो, इथे इंग्रजी तोकडी पडते आणि आपली मराठी खरे बोलते. ‘सोडला’, ‘सोडावा लागला’ आणि ‘सोडायला लावला’ ही तीन वेगळी वाक्ये आहेत. कोयनेच्या पाण्याखाली गावे गेली, तेव्हा पाटण-जावळीच्या माणसांनी घरे सोडली नाहीत, त्यांना ती सोडावी लागली. हक्कसोडपत्रावर मात्र एकच शब्द असतो. मागची गोष्ट कागद सांगत नाही.

कायदा स्पष्ट आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत वारस मानले. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत ती जन्मापासून मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली. लग्न झाले म्हणून हा हक्क जात नाही. त्यासाठी २००५ साली बाप हयात असलाच पाहिजे असेही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर सोडता येतो. पण हक्कसोडपत्र एकदा नोंदले गेले की सहजी मागे घेता येत नाही.

हे तुम्हाला सांगणारा मीही धुतल्या तांदळासारखा नाही. २००३ साली आमचे वडील गेले. वर्ष भरायच्या आत ताईने माझ्या नावे हक्कसोड केले. सही कुठे करायची ते मीच बोटाने दाखवले. तुझ्या मनात काय आहे, हे मात्र विचारले नाही.

त्या पोरीच्या वाक्याने झोप उडवली. दुसऱ्या रविवारी ताईच्या घरी गेलो आणि वीस वर्षांनी विचारले. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, ‘‘तेव्हा विचारलं असतंस, तरी सही केलीच असती रे. पण विचारायचं होतंस.’’

आता आम्ही दोघे बसून विहिरीजवळच्या तुकड्याचे ठरवणार आहोत. तुमच्या घरी असा कागद व्हायचा असेल, तर पेन पुढे करण्याआधी बहिणीला बसवा, कागद मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा. ती ‘सोडते’ म्हणाली तर तिचे उपकार माना. ‘नाही’ म्हणाली, तर तिचा वाटा तिला द्या.