बहुमाध्यमी सेमिनरी : कोणत्या माध्यमाने काय शिकवावे?

ईशज्ञानाचे शिक्षण : लेखांक पाचवा

मागील लेखांकात निवासी सेमिनरीचा, म्हणजे भावी पाळक व धर्मगुरूंना काही वर्षे एकत्र ठेवून बायबल, सिद्धांत, मंडळीचा इतिहास आणि पाळकीय सेवा हे विषय शिकवणाऱ्या संस्थेचा विचार झाला. महाराष्ट्रात या शिक्षणाचा भार मुख्यतः पुण्यावर पडला आहे. १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे सुरू झालेली कॅथॉलिक परंपरेतील पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आली, आणि यवतमाळ येथे वाढलेली प्रॉटेस्टंट परंपरेतील युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यातच स्थिरावली. दुसऱ्या बाजूला २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा होऊन सावंतवाडी हे पीठ असलेला सिंधुदुर्ग धर्मप्रांत अस्तित्वात आला, तेव्हा विजयदुर्ग ते वेंगुर्ला हा किनाराही त्याच्या कक्षेत आला. अशा किनाऱ्यावर मासेमारी, आंबा किंवा किरकोळ व्यापार सांभाळून प्रार्थनासभा चालवणाऱ्या, मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या माणसाला चार वर्षांसाठी पुणे गाठणे परवडत नाही. त्याच्यापर्यंत हे शिक्षण न्यायचे, तर ते कोणत्या रूपात न्यावे, हा या लेखांकाचा विषय आहे.

‘बहुमाध्यमी अभ्यासक्रम’ ही संज्ञा पुष्कळदा सैलपणे वापरली जाते. वर्गातील व्याख्यानांचे चित्रीकरण करून ते पाठवून दिल्याने अभ्यासक्रम बहुमाध्यमी होत नाही; तो फक्त दूरवर पोहोचतो. ज्या अभ्यासक्रमात प्रत्येक घटकाचे उद्दिष्ट आधी ठरते, त्या उद्दिष्टाला ध्वनी, चित्र, चलच्चित्र, मजकूर आणि प्रत्यक्ष बैठक यांपैकी काय मानवते हे नंतर ठरते, आणि या सर्वांची परस्परांशी सांधेजोड केलेली असते, तोच खऱ्या अर्थाने बहुमाध्यमी म्हणता येतो.

या विचाराची पूर्वपीठिका संगणकाच्या आधीची आहे. १९६३ मध्ये ग्वातेमालातील प्रेस्बिटेरियन सेमिनरीने विद्यार्थ्याला शहरात आणण्याऐवजी शिक्षकाला विद्यार्थ्याच्या गावाजवळ पाठवण्याचा प्रयोग केला, कारण शहरात शिकलेले तरुण खेड्यातील मंडळीकडे परत जात नाहीत आणि खेड्यात ज्यांचे नेतृत्व लोकांनी आधीच मानलेले असते त्या प्रौढांना घरदार सोडून जाता येत नाही, असा तेथील अनुभव होता. ‘विस्तारित ईशज्ञान-शिक्षण’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत भारतात आली आणि १९७१ पासून बंगळूरच्या ‘टॅफ्टी’ या संस्थेने ती रुजवली. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ टेड वॉर्ड यांनी तिची रचना लाकडी कुंपणाच्या उपमेने सांगितली : वरची आडवी फळी म्हणजे घरी केलेला अभ्यास, खालची म्हणजे मंडळीतील प्रत्यक्ष सेवा, आणि दोहोंना ठरावीक अंतरावर जोडणारे खांब म्हणजे शिक्षकासह होणाऱ्या बैठका. आजची ध्वनिफीत किंवा चित्रफीत या रचनेतील वरच्या फळीचे काम करते. खालची फळी आणि खांब काढून टाकले, तर हाती उरते ती केवळ अभ्याससामग्री.

मराठीत तर धर्मशिक्षणाने अनेक माध्यमांचा आश्रय फार पूर्वीच घेतलेला आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्याने ते रोमन लिपीत छापावे लागले. परंतु त्यातील दहा हजारांहून अधिक ओव्या कानांसाठी रचलेल्या होत्या, त्यामुळे वाचणारा एक असला तरी शिकणारे अनेक असत आणि त्यांना लिपी येण्याची गरज नसे. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांनी आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी कीर्तन ख्रिस्ती उपदेशासाठी वापरले. पूर्वरंगात सिद्धांताचे निरूपण आणि उत्तररंगात आख्यान, मध्ये पद आणि साथ, ही कीर्तनाची बांधणी म्हणजे एकच आशय वेगवेगळ्या वाटांनी मनात उतरवण्याची सिद्ध पद्धत होय. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले सोप्या मराठीतील बायबल, जे त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यामागेही अल्पशिक्षित ग्रामीण वाचकाचाच विचार होता. मराठी बहुमाध्यमी अभ्यासक्रमाला पाठाचा साचा बाहेरून उसना घेण्याचे कारण त्यामुळे उरत नाही.

ही तत्त्वे प्रत्यक्ष पाठात कशी उतरतात हे विजयदुर्गच्या किनाऱ्यावरील शिकाऊ धर्मशिक्षकासाठी रचलेल्या एका घटकावरून पाहता येईल. विषय आहे ‘ईश्वराची तजवीज’, म्हणजे ईश्वर सृष्टीचा आणि माणसांच्या जीवनाचा सांभाळ करतो हा सिद्धांत. आणि आधार आहे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय, ज्यात कैदी पौलाला रोमकडे नेणारे गलबत वादळात सापडून मेलिता, म्हणजे आजच्या माल्टा बेटाशी फुटते. घटकाचे उद्दिष्ट असे ठरवता येईल : विद्यार्थ्याने हा अध्याय आपल्या मंडळीसमोर दहा मिनिटांत मांडावा, आणि ईश्वराचे वचन व माणसाची धडपड यांचा संबंध त्यातून स्पष्ट करावा.

यातील कथाभाग ध्वनीला द्यावा, कारण तो वादळाच्या गतीने ऐकण्याजोगा आहे आणि जाळे विणता विणताही ऐकता येतो. क्रीटपासून माल्टापर्यंतचा मार्ग मात्र शब्दांनी समजत नाही. तेथे ईशान्येकडून सुटलेला वारा गलबताला कसा ढकलत नेतो हे दाखवणारा दोन मिनिटांचा चलनकाशा पुरेसा होतो. चौदाव्या रात्री खलाशी पाण्याची खोली मोजतात तेव्हा आधी वीस वाव आणि थोडे पुढे गेल्यावर पंधरा वाव पाणी लागते, मग ते पिछाडीकडून चार नांगर टाकतात. नांगर नाळेकडून न टाकता पिछाडीकडून का टाकले, हा प्रश्न पाठात विचारून सोडून द्यावा. गलबताचे तोंड किनाऱ्याकडे राहावे आणि उजाडताच ते जमिनीकडे हाकारता यावे यासाठी, हे उत्तर अनुभवी तांडेल बहुधा प्राध्यापकाच्या आधी देईल. विद्यार्थ्याच्या ज्ञानाला पाठात असे स्थान मिळाले म्हणजे पुढील अवघड मुद्द्याकडे तो बरोबरीच्या नात्याने येतो.

तो मुद्दा असा, की कोणाचाही जीव जाणार नाही असे आश्वासन पौलाने आधीच दिलेले असताना, खलाशी होडी सोडून पळू पाहतात तेव्हा हे गलबतावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही, असेही तोच शिपायांना बजावतो. आश्वासन आणि अट एकाच माणसाच्या तोंडी येतात. या ठिकाणी चित्रफीत कामाची नाही. वाचून, अधोरेखित करून, मागेपुढे जाऊन तपासता येणारा मजकूर हवा, आणि त्यानंतर मार्गदर्शकासह चारसहा जणांची बैठक हवी, कारण अशा प्रश्नावरचे मत वादातून घडते.

माध्यमांची सरमिसळ करताना एक पथ्य पाळावे लागते. बहुमाध्यमी अध्ययनावर दीर्घकाळ संशोधन करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी दाखवून दिले आहे, की चित्राबरोबर निवेदन ऐकणारा विद्यार्थी चांगले शिकतो, पण तेच निवेदन शब्दशः पडद्यावरही उमटत राहिले, तर डोळ्यांवर दुहेरी भार पडून आकलन सहसा घटते. म्हणून पडद्यावर ‘तजवीज’, ‘करार’, ‘नीतिमान ठरवणे’ अशा मोजक्या संज्ञाच याव्यात आणि सविस्तर विवेचन पुस्तिकेत असावे. तांत्रिक हिशेबही याच दिशेने जातो : सेकंदाला ६४ किलोबिट या दराने वीस मिनिटांचा ध्वनिपाठ सुमारे १० मेगाबाइटमध्ये मावतो, तर ५०० किलोबिट दराच्या तेवढ्याच चित्रफितीला सुमारे ७५ मेगाबाइट लागतात. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसलेल्या गावी पाठ आधीच उतरवून मेमरी कार्डावर देता आले पाहिजेत. आणखी एक गोष्ट म्हणजे १ जूनपासून दोन महिने यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते; सलग निवासी शिबिर याच काळात घेणे सोयीचे ठरते.

जगभर विनामूल्य वापरता येणारी सामग्रीही उपलब्ध आहे. रिचर्ड प्रॅट यांनी १९९७ मध्ये स्थापन केलेल्या ‘थर्ड मिलेनियम मिनिस्ट्रीज’ने अनेक भाषांत चित्रफितींवर आधारित सेमिनरी-पाठ तयार केले आहेत. अशा पाठांतून विषयांची मांडणी आणि निर्मितीचा दर्जा शिकण्यासारखा आहे. तथापि केवळ आवाज मराठी केल्याने उदाहरणे, प्रश्न आणि श्रोत्याविषयीची गृहीतके मराठी होत नाहीत. ती नव्याने योजावी लागतात.

बहुमाध्यमी अभ्यासक्रमाची मर्यादाही स्पष्ट मांडली पाहिजे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ च्या ‘पास्तोरेस दाबो वोबिस’ या पत्रात धर्मगुरूच्या घडणीची चार अंगे सांगितली आहेत : मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि पाळकीय. ध्वनी, चित्र आणि मजकूर यांचा खरा उपयोग तिसऱ्या अंगाला होतो. स्वभावातील दोष दाखवून देणारा सोबती, प्रार्थनेची शिस्त आणि आजाऱ्याच्या उशाशी बसण्याची सवय या गोष्टी माणसांच्या सहवासातूनच येतात. त्यामुळे याजकपदासाठी निवासी शिक्षणाची जागा बहुमाध्यमी अभ्यासक्रम घेऊ शकत नाही. धर्मशिक्षक, उपदेशक आणि मंडळीचे वडील यांच्यासाठी मात्र तो पुरेसा भक्कम पाया घालू शकतो.

यावरून निर्मितीचा क्रमही ठरतो. प्रथम उद्दिष्टे, मग विद्यार्थ्याने करावयाचे काम, मग मार्गदर्शकांचे प्रशिक्षण, मग पुस्तिका आणि ध्वनिपाठ, आणि चित्रफीत जेथे तिच्यावाचून अडते तेथेच. प्रत्यक्षात अनेक योजना कॅमेऱ्यापासून सुरू होतात आणि मार्गदर्शकाच्या मानधनापाशी पैसे संपतात. कॅमेऱ्यापासून सुरू होणारा हा क्रम उलटला, तर थोड्या खर्चातही अभ्यासक्रम उभा राहतो.

पुढील लेखांकात मूल्यमापनाचा विचार केला जाईल : विद्यार्थ्याच्या दहा मिनिटांच्या उपदेशाला गुण कोणी आणि कशाच्या आधारे द्यावेत, आणि त्यात मंडळीच्या मताला किती वजन असावे.