भाट्याची लाट उजळते कशाने?

थंडी पडली की रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर लाटा निळ्या चमकल्याची बातमी येते, मोबाइलवर फोटो फिरतात आणि ठरलेला प्रश्न येतो: भाट्याच्या पाण्यात फॉस्फरस असतो का? अजिबात नाही. (फोटोतली गडद निळाई बरीचशी कॅमेऱ्याची करामत. डोळ्यांना दिसतो तो उजेड फिकट असतो.)

जर्मन भाषेत या उजेडासाठी ‘मेअरेसलॉइश्टन’ असा घसघशीत सामासिक शब्द आहे. ‘मेअर’ म्हणजे समुद्र, ‘एस’ हा षष्ठीचा प्रत्यय, ‘लॉइश्टन’ म्हणजे उजळणं. थोडक्यात षष्ठी तत्पुरुष! त्यातल्या ‘लॉइश्टन’चं गोत्र लॅटिन ‘लुक्स’शी आणि संस्कृत ‘रुच्’ धातूशी जुळतं. रुच् म्हणजे मुळात चमकणं. ‘विरोचन’ हे सूर्याचं नाव त्यातूनच आलं. पिठलं-भाकरी रुचू लागली ती नंतर. ज्या रसायनामुळे ही चमक येते, त्या ल्युसिफेरिनच्या नावातही हेच ‘लुक्स’ आहे.

त्या जर्मन शब्दात मात्र सगळं श्रेय समुद्राला दिलंय. बेंजामिन फ्रँकलिनचाही असाच समज होता: हा उजेड म्हणजे मीठ आणि पाणी एकमेकांवर घासून निर्माण होणारी वीज. 1753 मध्ये बोस्टनच्या जेम्स बोडॉइनने त्याला कळवलं, की हे पाणी कापडातून गाळलं तर चमक जाते. तेव्हा ती पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची असावी. फ्रँकलिनने मोकळेपणाने आपलं मत बदललं. त्याचा पतंग शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे, बोडॉइनचं फडकं मात्र कुणाच्या लक्षात नाही.

आपल्या किनाऱ्यावर हे काम बहुधा नॉक्टिल्युका सिंटिलान्स या एकपेशीय जीवाचं असतं. आकार जेमतेम टाचणीच्या टोपीएवढा. लाट फुटली की पेशीला धक्का बसतो, आतली आम्लता क्षणात बदलते, ल्युसिफेरिनचं ऑक्सिडीकरण होतं आणि सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ ठिणगी उडते. पाणी निवांत असेल तर अंधारच.

याला ‘चमत्कार’ म्हणून नाचणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. हे जीव बेसुमार वाढले की पाण्यात अमोनिया सुटतो, ते मेल्यावर कुजताना प्राणवायू संपतो आणि मासळीचे हाल होतात.

पुढची बातमी आली की अमावास्येच्या आसपास भाट्याच्या सुरूबनासमोर बादलीभर पाणी घ्या आणि घट्ट विणीच्या सुती फडक्यातून गाळा. टॉर्च विझवून आधी गाळलेलं पाणी ढवळा, मग फडकं झटका. फॉस्फरसचा प्रश्न तिथेच निकालात निघेल.