आधी प्रत, मग दुरुस्ती

लॅपटॉप सुरू होईनासा झाला की घरात प्रथम यंत्राची चिंता सुरू होते. वस्तुतः यंत्राची किंमत बाजारात ठरलेली असते. आत साठलेल्या मजकुराची किंमत कोणत्याही दुकानात ठरत नाही. अमरावतीच्या विद्यापीठात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीची तीन वर्षांची टिपणे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातील संशोधकाच्या शेतनोंदी, कापड दुकानाचे मार्चअखेरचे हिशेब, आजोबांच्या आवाजातले एखादे ध्वनिमुद्रण, मुलीच्या लग्नाची छायाचित्रे, हे सारे एका लहानशा डिस्कवर विसावलेले असते. पडदा काळा राहिला की हे सर्व गेले, असे वाटून जीव कासावीस होतो.

प्रत्यक्षात ते बहुधा गेलेले नसते. अनेकदा मजकूर मूळ बिघाडाने जात नाही. बिघाडानंतरच्या घाईने जातो. कोणीतरी सांगतो, विंडोज नव्याने टाकून घ्या. लॅपटॉप झटकन सुरू होतो, पण रिकामा. म्हणून अशा प्रसंगी एकच क्रम ध्यानात ठेवावा: आधी फाइलींची प्रत, मग यंत्राची दुरुस्ती.

लक्षण ओळखावे

लॅपटॉप ही एक वस्तू नव्हे; ते अनेक भागांचे एकत्र कुटुंब आहे. चार्जर, बॅटरी, मदरबोर्ड, रॅम, पडदा आणि डिस्क. यांपैकी फाइली सांभाळते ती केवळ डिस्क. बाकीचा कोणताही भाग निकामी झाला तरी डिस्क सुखरूप असू शकते. म्हणून बिघाड नेमका कोठे आहे हे आधी पाहावे.

बटण दाबूनही दिवा लागत नाही, पंख्याचा आवाज नाही, अशा वेळी दोष विजेच्या वाटेवर शोधावा. दुसरे सॉकेट वापरून पाहावे. लॅपटॉपला जोडलेला पेन ड्राइव्ह, माउस, प्रिंटर असे सर्व काढावे. चार्जर काढून, बॅटरी बाहेर निघणारी असल्यास तीही काढून, सुरू करण्याचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे. आत अडकलेला विद्युतभार त्यामुळे निघून जातो. मग फक्त चार्जर जोडून पुन्हा प्रयत्न करावा. या साध्या उपायाने अनेक लॅपटॉप जागे होतात, आणि फाइलींना त्यात यत्किंचितही धोका नसतो.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा आहे, तर लॅपटॉप एचडीएमआय केबलने घरच्या टीव्हीला जोडावा. टीव्हीवर चित्र उमटले तर दोष पडद्याचा किंवा त्याच्या तारेचा. अशा वेळी टीव्हीकडे पाहतच सर्व फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेता येतात. टीव्हीवरही काही दिसले नाही, तर रॅमची पट्टी सैल झाली आहे का हे कारागिराकडून पाहून घ्यावे.

कंपनीचे चिन्ह दिसते आणि मग बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते, तर लॅपटॉपला एखादा पेन ड्राइव्ह लागलेला राहिला नाही ना, हे प्रथम पाहावे. तो नसेल तर बायोसच्या पडद्यावर डिस्कचे नाव दिसते का ते तपासावे. नाव दिसत असेल तर दोष बहुधा विंडोजचा किंवा बायोसमधील मांडणीचा. नाव दिसतच नसेल तर डिस्कची जोडणी सुटली आहे किंवा डिस्कच आजारी आहे.

वऱ्हाडात उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा धुळीने भरलेल्या पंख्याचा लॅपटॉप तापून आपोआप बंद पडतो. त्याला सावलीत, सपाट टेबलावर निवू द्यावे. कूलरच्या ओल्या झोतासमोर धरू नये आणि फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नये. आत दव धरले की बरा असलेला भागही बिघडतो.

विंडोज अडकले असेल तर

सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ दोन-तीनदा फसला की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा उघडते. तेथील पर्यायांचे धोके सारखे नसतात. ‘स्टार्टअप रिपेअर’ आणि ‘सेफ मोड’ हे सौम्य उपाय होत. शेवटचा अपडेट काढून टाकण्याची सोयही तेथे असते. ‘सिस्टम रिस्टोअर’ कागदपत्रांना हात लावत नाही, पण त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्राम काढून टाकते.

सावध राहावे ते ‘रिसेट धिस पीसी’ या पर्यायापाशी. त्यात ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडले की नावाप्रमाणे सर्व पुसले जाते. ‘कीप माय फाइल्स’ निवडले तर वैयक्तिक फाइली राहतात, मात्र बाहेरून टाकलेले प्रोग्राम जातात. ज्यांचे हिशेब किंवा मराठी टंकलेखन अशा प्रोग्रामवर अवलंबून आहे, त्यांनी प्रत हाती आल्यावाचून या वाटेला जाऊ नये.

फाइली बाहेर काढण्याच्या वाटा

विंडोज सुरू होत नसले तरी डिस्क वाचता येते. पहिली वाट उबुंटूची. दुसऱ्या संगणकावर ही मोफत संगणकप्रणाली उतरवून एका रिकाम्या पेन ड्राइव्हवर चढवावी आणि बंद पडलेला लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावा. समोर दोन पर्याय येतात, वापरून पाहण्याचा आणि स्थापित करण्याचा. येथे केवळ वापरून पाहण्याचा पर्याय घ्यावा. दुसरा पर्याय जुनी डिस्क पुसू शकतो. मग लॅपटॉपची डिस्क उघडून फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात.

दुसरी वाट म्हणजे डिस्क बाहेर काढणे. ती योग्य प्रकारच्या केबलने किंवा डबीत बसवून दुसऱ्या संगणकाला जोडली की पेन ड्राइव्हसारखी उघडते. काही नव्या लॅपटॉपमध्ये मात्र ती मदरबोर्डलाच डाखलेली असते. तेथे ही वाट बंद असते.

उतरवताना केवळ डेस्कटॉप पाहून समाधान मानू नये. ‘युजर्स’ या फोल्डरात प्रत्येकाच्या नावाचे घर असते. त्यातील डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सर्व घ्यावे. टॅलीचा डेटा बहुधा डॉक्युमेंट्समध्ये नसतो, त्याचा फोल्डर निराळा असतो. व्यापाऱ्यांनी तो आठवणीने शोधावा.

नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये आणखी एक अडसर येऊ शकतो, बिटलॉकरचे कुलूप. अनेकदा मालकाच्या नकळतच डिस्क कुलूपबंद झालेली असते. ते ४८ अंकी किल्लीने उघडते. ही किल्ली साधारणतः मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते आणि मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन पाहता येते. लॅपटॉप धडधाकट असतानाच ती कागदावर उतरवून कपाटात ठेवावी. किल्ली हरवली तर निष्णात कारागीरही काही करू शकत नाही.

हात आवरावा असे प्रसंग

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येऊ लागला तर लॅपटॉप तत्काळ बंद करावा. प्रत्येक नव्या प्रयत्नागणिक आतील पृष्ठभागावर ओरखडे उमटण्याचा धोका असतो. ही डिस्क उघडण्याचे काम माहिती वाचवणाऱ्या विशेष प्रयोगशाळेचे आहे. आवाज नसेल पण डिस्क अतिशय मंद झाली असेल, तर ‘चेक डिस्क’सारखी दुरुस्ती आधी चालवू नये, आजारी डिस्क त्या श्रमानेच मान टाकते. सर्वांत मोलाच्या फाइली प्रथम उतरवाव्यात.

डिस्क जोडल्यावर ‘आधी फॉरमॅट करा’ अशी सूचना आली तर ती नाकारावी. गेलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम त्याच डिस्कवर टाकू नये, कारण नवा मजकूर जुन्याच्या जागेवर बसतो. लॅपटॉपवर चहा किंवा पाणी सांडले तर चार्जर काढून तो बंद करावा. चालू होतो का हे पाहण्याचा मोह टाळावा आणि तांदळात पुरून न ठेवता कारागिराकडे न्यावा.

दुकानात देताना पहिले वाक्य ‘लॅपटॉप सुरू करून द्या’ असे नसावे. ‘आतील फाइली हव्या आहेत, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका’ असे सांगावे आणि पावतीवर लिहूनही घ्यावे. फाइली काढण्याचा खर्च निराळा विचारावा. डिस्क बदलली तर जुनी परत मागावी. तिच्यात घरचे सर्व खासगी व्यवहार असतात.

कारंजा-अमरावतीचा धडा

एकाच प्रतीवर विसंबणे किती धोक्याचे, हे वऱ्हाडाला निराळे सांगायला नको. नवव्या शतकात आचार्य वीरसेनांनी षट्खंडागमावर लिहिलेली धवला ही विशाल टीका शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री येथे ताडपत्रांवर जपलेली होती. आग, वाळवी किंवा ओल यांपैकी एकाने घात केला असता तर ती कायमची नाहीशी झाली असती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या नकला उतरवण्याचे काम सुरू झाले. पुढे नकलांवरून नकला होत त्या गावोगावी पोहोचल्या. त्यांपैकी एक अमरावतीस आली, एक तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील कारंजास, एक बिहारमधील आरा येथे.

अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्रा. हीरालाल जैन यांनी या प्रती एकमेकींशी ताडून ग्रंथाचे संपादन केले. १९३९ साली अमरावतीहून पहिला भाग प्रसिद्ध झाला आणि पुढील सुमारे वीस वर्षांत सोळा भाग पूर्ण झाले. पुढील भागांसाठी मूडबिद्रीच्या ताडपत्रांशीही पाठ जुळवून पाहता आले.

या कार्यातून आजच्या लॅपटॉपधारकाने दोन गोष्टी घ्याव्यात. प्रती अनेक ठिकाणी असाव्यात, आणि त्या मूळाशी ताडून पाहिलेल्या असाव्यात. लेखनिकाच्या हातून अक्षर सुटते, तशी यंत्राच्या हातून फाइल अर्धवट उतरते. म्हणून प्रत घेतल्यावर पाच-दहा फाइली उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नये.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम हेच सांगतो. फाइलींच्या ३ प्रती असाव्यात, त्या २ निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी १ घराबाहेर असावी. इंटरनेटवरील जागेत फाइली आपोआप चढत असतील तर उत्तमच. मात्र लॅपटॉपवर पुसलेली फाइल तेथूनही पुसली जाऊ शकते, म्हणून कपाटातील स्वतंत्र डिस्क हवीच.

घराबाहेरच्या प्रतीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. अमरावती आणि अकोला यांत रेल्वेचा जेमतेम दीड-दोन तासांचा प्रवास आहे. कोणाची आत्या तेथे, कोणाची लेक येथे दिलेली. दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुटीत जाणे-येणे असतेच. फराळाच्या डब्यासोबत एक लहान डिस्क पासवर्ड घालून दिली आणि गेल्या खेपेची परत आणली, तर वर्षातून दोनदा नवी प्रत सुरक्षित राहते. तेवढे केले असेल, तर एखाद्या सकाळी पडदा काळा राहिला तरी प्रश्न केवळ यंत्राच्या खर्चाचा उरतो.