दाण्यात अडकलेला स्फुरद आणि त्यास मोकळा करणारे फायटेज

नाशिक जिल्ह्यात येवला, चांदवड, निफाड, मालेगाव आदी तालुक्यांत मक्याचे पीक मोठ्या क्षेत्रावर घेतले जाते व त्यातील बराच मका कोंबड्यांच्या खाद्यासाठी जातो. कोंबडीपालनाच्या एकूण खर्चापैकी सुमारे 65 ते 70 टक्के खर्च केवळ खाद्यावर होतो. या खाद्यात स्फुरदाची भर घालण्यासाठी डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजेच व्यवहारातील डीसीपी, विकत घेऊन मिसळावे लागते. वस्तुतः मका व सोयाबीन पेंड यांमध्ये स्फुरद मुळातच असतो. परंतु त्याचा मोठा भाग कोंबडीच्या अंगी न लागता विष्ठेवाटे बाहेर पडतो. कणगी भरलेली असावी आणि तिचे तोंड मात्र उघडू नये, तशातला हा प्रकार होय. हे तोंड उघडण्याचे काम फायटेज नावाचे विकर करते.

स्फुरद कोठे अडकतो?

प्रत्येक बी आपल्या अंकुरासाठी स्फुरदाचा साठा करून ठेवते. हा साठा फायटिक आम्लाच्या रूपात असतो. या आम्लाच्या एका रेणूस स्फुरदाचे सहा गट घट्ट जोडलेले असतात. धान्ये व तेलबिया यांतील एकूण स्फुरदापैकी सुमारे दोन तृतीयांश स्फुरद अशा रीतीने बांधलेला असतो. शिवाय हे आम्ल चुना, जस्त व लोह यांनाही धरून ठेवते व त्यांचे शोषण कमी करते.

बी ओलाव्याने रुजू लागले, की त्यातील फायटेज विकर जागृत होऊन हे गट एकामागून एक सुटे करते. गाय, म्हैस, शेळी यांच्या ओटीपोटातील सूक्ष्म जंतू हेच विकर तयार करतात. म्हणून रवंथ करणाऱ्या जनावरांना ते वेगळे देण्याची सहसा गरज भासत नाही. कोंबडी व डुक्कर यांच्या पोटात मात्र ते पुरेसे नसते. गव्हाच्या कोंड्यात हे विकर बऱ्यापैकी आढळते; मका व सोयाबीन पेंड यांत ते फारच थोडे असते.

या विकराचा शोध 1907 साली जपानमधील शास्त्रज्ञांना भाताच्या कोंड्यात लागला. ते खाद्यासाठी बाजारात येण्यास मात्र 1991 साल उजाडले. कोंबड्या व डुकरे दाटीने पाळणाऱ्या नेदरलँड्समध्ये विष्ठेतील स्फुरदाने पाणी दूषित होऊ लागले, तेव्हा एका बुरशीपासून तयार केलेले फायटेज तेथे प्रथम वापरात आले. आज ते बुरशी व जिवाणू या दोहोंपासून तयार होते व कोंबडी खाद्यात जगभर वापरले जाते.

वापराचा हिशेब

फायटेजची शक्ती एककांत मोजतात. मांसल कोंबड्यांच्या खाद्यात दर किलोस 500 एककांचे प्रमाण सर्वसाधारणपणे वापरले जाते. अंड्यांवरील कोंबड्यांना सुमारे 300 एककेही पुरतात. एका ग्रॅममध्ये 5000 एकके असलेली भुकटी घेतल्यास 500 एककांच्या प्रमाणासाठी एक टन खाद्यास 100 ग्रॅम भुकटी लागते.

या प्रमाणात खाद्यातील सुमारे 0.1 टक्का स्फुरद, म्हणजे टनास 1 किलो, मोकळा होतो असे धरल्यास बचत किती होईल? डीसीपीमध्ये स्फुरद सुमारे 18 टक्के असतो. यास्तव टनामागे सुमारे साडेपाच किलो डीसीपी कमी करता येते. ही रक्कम व भुकटीची किंमत यांची चालू भावाने तुलना करावी, म्हणजे नफा कितपत होतो ते प्रत्येकास आपल्या वहीतच दिसून येईल.

करार पद्धतीने मांसल पक्षी वाढविणाऱ्यांना खाद्य तयार मिळते. त्यात फायटेज असल्यास त्यांनी वेगळे मिसळू नये. वरील हिशेब मुख्यतः स्वतःचे खाद्य स्वतः तयार करणाऱ्या अंडी उत्पादकांसाठी आहे.

घ्यावयाची काळजी

पहिली गोष्ट मिसळण्याची. 100 ग्रॅम भुकटी एकदम टनभर खाद्यात टाकल्यास ती सर्वत्र सारखी पसरत नाही. ती प्रथम 1 किलो मक्याच्या भरड्यात, नंतर 10 किलो भरड्यात कालवावी व मगच मिसळयंत्रात घालावी.

दुसरी गोष्ट उष्णतेची. विकर हे प्रथिन असल्याने अति उष्णतेने निकामी होते. भरड खाद्यात ही अडचण येत नाही. गोळी खाद्य तयार करताना मात्र उष्णता 80 अंश सेल्सिअसच्या वर जाते. तेथे उष्णतेस टिकणारा प्रकारच वापरावा किंवा गोळी थंड झाल्यावर विकराचा द्रव फवारावा. उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये पुडा ठेवू नये. तो कोरड्या, थंड जागी व खनिज मिश्रणापासून वेगळा ठेवावा.

तिसरी गोष्ट चुन्याची. मांसल पक्ष्यांच्या खाद्यात चुनखडीची भुकटी गरजेपेक्षा अधिक पडल्यास चुना फायटिक आम्लाशी जखडला जातो व विकराचे काम मंदावते. अंड्यांवरील कोंबड्यांना कवचासाठी खाद्यात साडेतीन ते चार टक्के चुना लागतोच. त्यांच्यासाठी चुन्याचा काही भाग शिंपल्याच्या जाड चुऱ्याच्या रूपाने देणे हितावह ठरते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की फायटेज घातले म्हणून डीसीपी सर्वस्वी बंद करू नये. स्फुरद कमी पडल्यास पिल्लांचे पाय वाकडे होतात, चोच मऊ पडते, अंड्यांवरील कोंबड्या बसून राहतात व अंड्यांची संख्या घटते. बचतीच्या लोभाने कळपच हातचा जावयाचा! डीसीपी टप्प्याटप्प्याने कमी करावे व पक्ष्यांची चाल, अंड्यांची संख्या व कवचाची जाडी यांची नोंद ठेवावी.

खताच्या दृष्टीने लाभ

दिंडोरी, निफाड भागातील द्राक्षबागांना व कांद्याच्या शेतांना कोंबडीखत दिले जाते. वर्षानुवर्षे ते भरमसाट पडल्यास जमिनीत स्फुरद साचतो व पिकास जस्त आणि लोह मिळण्यास अडथळा होतो. चुनखडीयुक्त जमिनीत ही तूट अधिक जाणवते. खाद्यात फायटेज वापरून डीसीपी कमी केल्यास विष्ठेतील स्फुरद घटतो, म्हणजे जमिनीवरील भारही हलका होतो. स्फुरदाचे खनिज आपल्या देशास मोठ्या प्रमाणावर परदेशांतून आणावे लागते, हेही विसरून चालणार नाही.

स्वयंपाकघरातील फायटेज

माणसाच्या पोटातही हे विकर नगण्यच असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. पण मुख्यतः धान्यावर असलेल्या आहारातील लोह पुरते अंगी न लागणे हे त्यांपैकी एक होय.

यावरील उपाय घरातच आहे, त्यासाठी भुकटी विकत घ्यावयास नको. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत पिकणारी नागली 100 ग्रॅमला सुमारे 350 मिलिग्रॅम चुना देते. ती स्वच्छ धुऊन रात्रभर भिजवावी, निथळून ओल्या फडक्यात एक ते दोन दिवस बांधून मोड आणावेत, उन्हात खडखडीत वाळवावी, मंद आचेवर भाजून दळावी. मोड येताना दाण्यातील फायटेज फायटिक आम्ल फोडते. त्यामुळे लोह, जस्त व चुना शरीरास अधिक मिळतात. पीठ आंबवून केलेल्या आंबिलीतही हेच घडते. मटकी, हुलगा यांना मोड आणण्याची जुनी चालही याच कारणाने हिताची ठरते. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असावा व जेवणाबरोबर चहा टाळावा, म्हणजे लोहाचे शोषण वाढते. रक्तक्षय झालेल्या स्त्रीने मात्र एवढ्यावर विसंबून न राहता आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी.

पेरलेले बी रुजताना जे करते, तेच काम कोंबडीच्या खाद्यात व घरातील भांड्यात करवून घ्यावयाचे आहे. कुक्कुटपालक बंधूंनी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील अधिकाऱ्यांकडून आपल्या खाद्याचे सूत्र तपासून घ्यावे व प्रथम थोड्या पक्ष्यांवर हा प्रयोग करून पाहावा. खाद्याबरोबर विकत घेतलेला स्फुरद वाया जाऊ न देणे, यातच त्यांचे हित आहे.