‘आणि मग काय झालं?’ : पाच वर्षांचा लेखक आणि एकोणतीस वर्षांचा चित्रकार

हेडफोन लावलेत? आणि जे लोकलच्या गर्दीत ऐकू येत नाही म्हणून वाचतायत, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर, थोडा झाडून-पुसून.

आज एका वेबकॉमिकबद्दल बोलायचंय. पण आधी माझी एक चूक सांगतो.

माझा भाचा तेव्हा पाच वर्षांचा होता. रिक्षातून जाताना म्हणाला, “मामा, एक राक्षस आहे. तो रात्री येऊन रस्त्याला इस्त्री करतो.” मी काय म्हणालो असेन? “मग एवढे खड्डे कसे रे?” मला वाटलं, काय भारी जोक मारला! तो दोन मिनिटं बाहेर बघत राहिला आणि म्हणाला, “जाऊ दे, तुला नाही कळणार.” गोष्ट संपली. म्हणजे मीच संपवली.

आता अमेरिकेत जाऊ. २००९ चा ख्रिसमस. इथन निकोल नावाचा २९ वर्षांचा कॉमिक चित्रकार सुट्टीत घरच्यांना भेटायला गेला होता. त्याचा धाकटा भाऊ मलाकाय पाच वर्षांचा. हो, दोघा भावांत चोवीस वर्षांचं अंतर! मलाकाय खेळण्यातली अग्निशामक दलाची कुऱ्हाड घेऊन फिरत होता. तो पोलीस होता, पण कुऱ्हाडवाला पोलीस. म्हणून ‘ॲक्स कॉप’. खेळायला बोलावल्यावर इथनच्या वाट्याला खेळण्यातली बासरी आली, म्हणून तो झाला ‘फ्लूट कॉप’. आपण चोर-पोलीस खेळताना काठी मिळाली की ती बंदूक व्हायची, तसंच.

फरक इतकाच की इथन खेळून उठला आणि त्याने तो खेळ कॉमिकच्या पानावर उतरवला. त्या सुट्टीत आणखी काही पानं झाली. २०१० च्या जानेवारीत ती वेबसाइटवर गेली आणि काही दिवसांतच सगळीकडे पसरली. पुढे ‘डार्क हॉर्स’ने पुस्तकं काढली. २०१३ मध्ये फॉक्स वाहिनीवर ॲनिमेशन मालिका आली, ॲक्स कॉपला आवाज होता निक ऑफरमनचा. पण मला यशापेक्षा त्यांची कामाची पद्धत जास्त इंटरेस्टिंग वाटते.

लहान मूल गोष्ट कशी सांगतं, आठवा. “आणि मग… आणि मग… आणि मग…” मोठी माणसं ‘म्हणून’ आणि ‘पण’ लावून गोष्ट सांगतात, कारण आपल्याला कारण लागतं. मुलाला कारण लागत नाही असं नाही हं! त्याचं कारण वेगळं असतं. फ्लूट कॉपच्या अंगावर डायनोसॉरचं रक्त उडतं आणि तो ‘डायनोसॉर सोल्जर’ होतो. का? अहो, रक्त लागलं ना! तोच माणूस पुढे ॲव्होकॅडोमुळे ‘ॲव्होकॅडो सोल्जर’ होतो. रक्ताने बदल होतो, तर फळाने का नाही? नियम एकदा ठरला की तो पाळायचा. मुलं या बाबतीत आपल्यापेक्षा कडक असतात.

मग इथनचं काम काय? दोन कामं. पहिलं, प्रश्न विचारणं. भाऊ वेगवेगळ्या ठिकाणी राहायचे, त्यामुळे सुट्टी संपल्यावर बरंचसं काम फोनवर चालायचं. खेळातून आणि फोनवरच्या गप्पांतून जे निघेल ते इथन टिपायचा, जुळवायचा, कुठे अडलं की पुन्हा विचारायचा. म्हणजे संपादन होतंच. “मूल बोललं, मी काढलं” इतकं सोपं ते नव्हतं.

दुसरं काम चित्राचं, आणि मला वाटतं खरी गंमत इथे आहे. इथनने चित्रं ‘लहान मुलांसारखी’ काढली नाहीत. ॲक्स कॉपला मिशी, गॉगल, पिळदार दंड. अगदी जोरकस ॲक्शन कॉमिकची शैली. चित्रकार वाचकाला डोळा मारत नाही. “बघा, किती गोड बोलतोय” असा भाव एकदाही आला असता, तर सगळं चार दिवसांत विसरलं गेलं असतं. आपण घरी पाहुण्यांसमोर मुलांना “सांग ना, ती राक्षसाची गोष्ट सांग” म्हणतो आणि मग सगळे हसतात. त्याच्या बरोबर उलटं हे.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते: लेखक म्हणून नाव मलाकायचं. ‘कल्पना’ किंवा ‘विशेष आभार’ नाही. लेखक.

हे ऐकून मी पुन्हा प्रयत्न केला. भाचा आता सहाचा झालाय. या वेळी फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं (त्याला विचारून, चोरून करू नका) आणि ‘का’ विचारायचं नाही असं ठरवलं. ‘का’ विचारलं की मुलाला परीक्षा वाटते. ‘केवढा?’, ‘कुठे ठेवतो?’, ‘मग काय झालं?’ हे चालतं.

“त्या राक्षसाची इस्त्री केवढी आहे रे?”

“सोसायटीच्या टाकीएवढी. कोळशाची आहे. रस्त्यावर प्लग कुठे असतो?”

बघा! वर्षभर तो राक्षस तिथेच होता, प्लग शोधत. आणि खड्ड्यांचं उत्तरही मी न विचारता आलं. ती चुरगळलेली जागा आहे, तिथे पाणी शिंपडावं लागतं, म्हणून तो पावसाची वाट बघतो.

त्यातून मोबाईलवर वर खाली सरकवत वाचता येईल अशी सहा चौकटींची उभी पट्टी काढली. माझं चित्र यथातथाच आहे, पण राक्षस मी गंभीर काढलाय. थकलेला, कपाळावर घाम, खांद्यावर पंचा. टाकायची ठरली तर भाच्याचा फोटो, शाळा, खरं नाव काही जाणार नाही; टोपणनाव त्याने स्वतः निवडलंय. ताई म्हणाली, पैसे आलेच तर त्याच्या खात्यात. आधी येऊ तर देत.

घाई मात्र आहे. परवा दुसऱ्या पट्टीसाठी बसलो, तर म्हणाला, “मामा, राक्षस खरे नसतात, माहितीये ना तुला?” माझ्या पोटात गोळाच आला. मी जीव मुठीत धरून विचारलं, “मग इस्त्री कोण करतं?”

त्याने बराच विचार केला. “त्याचा मुलगा,” म्हणाला. “आणि माझं नाव वर लिही, तुझं खाली.”