लांबी दुप्पट म्हणून भाव दुप्पट? एका पाणबुडीने शिकवलेलं कोटेशन

मागच्या आठवड्यातल्या कोटेशनच्या व्हिडिओत मी एका पाणबुडीचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की सर, पाणबुडी कसली? तर आज ती पूर्ण गोष्ट.

आमच्या एका बॅचला साताऱ्याकडचा एक मुलगा होता. फायबरचं काम करणारा, हात अत्यंत सफाईदार. गणपतीच्या सजावटीचे साचे, बागेतल्या कुंड्या, असं चालायचं. छंद म्हणून त्याने रिमोटवर चालणारी, खरोखर बुडी मारून वर येणारी पाणबुडी केली. मॉडेल कलवरीचं. कलवरी म्हणजे मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि 14 डिसेंबर 2017 ला नौदलात दाखल झालेली पाणबुडी. खरी लांबी 67.5 मीटर. याचं मॉडेल 80 पटीने लहान, म्हणजे साधारण 84 सेंटीमीटर. ते 42,000 ला विकलं गेलं. माल 17,000 चा, काम 20 दिवसांचं. दिवसाला 1,250 सुटले. पहिल्या ऑर्डरला वाईट नाही.

मग एका शिक्षणसंस्थेने विचारलं, "हीच, पण दुप्पट मोठी करून द्याल का?" याने जागेवर सांगितलं, 85,000. अर्धा ॲडव्हान्स घेतला आणि मला फोन केला, "सर, मोठी ऑर्डर!"

आता इथे जरा थांबून हिशोब बघू. लांबी दुप्पट केली की रुंदी आणि उंचीही दुप्पट होते. म्हणजे बाहेरचा पत्रा, आपल्या भाषेत फायबरची मॅट आणि रेझिन, चौपट. जाडी वाढवावी लागली तर त्याहूनही जास्त. आणि ती जेवढं पाणी बाजूला सारते ते आठपट! खरी पाणबुडी पाण्याखाली साधारण 1,775 टन पाणी सारते. 80 पटीच्या मॉडेलला ते होतात साडेतीन किलो, 40 पटीच्या मॉडेलला जवळपास 28 किलो. भाव मात्र याने दुप्पटच सांगितलेला.

बरं, मालाचं जाऊ द्या. तो चुकला तरी बिलं समोर असतात, पुढच्या वेळी सुधारता येतो. खरी चूक दुसरीकडे होती. त्याच्या वहीत लिहिलं होतं: साचा 18 दिवस, बॉडी 9 दिवस, आतलं सिलिंडर, मोटर, बॅटरी 12 दिवस, पाण्यात टेस्टिंग 1 दिवस.

त्या एका दिवसाचे अकरा दिवस झाले.

पाणबुडीचं काम बोटीसारखं नसतं. बोट तरंगली की झालं. पाणबुडीला दोन वेगवेगळ्या परीक्षा पास व्हायच्या असतात. टाकी रिकामी असताना ती बरोबर आखलेल्या रेषेपर्यंत तरंगली पाहिजे, आणि टाकीत पाणी घेतल्यावर तीच पाणबुडी जेमतेम पाण्याखाली गेली पाहिजे. या मॉडेलची टाकी फक्त 900 मिलीची. बॉडीला भोकं असतात, आत पाणी मोकळं शिरतं, कोरडं राहतं ते फक्त मधलं ॲक्रिलिकचं सिलिंडर. म्हणून एवढ्या मोठ्या धुडाला एवढीशी टाकी पुरते. पण याचाच अर्थ असा, की सगळा खेळ 900 ग्रॅममध्ये बसवायचा. शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे झाले की एक तर बुडत नाही, नाहीतर तळाला जाऊन बसते.

पहिल्या दिवशी तो मॉडेल घेऊन शेततळ्यावर गेला. पाणी गढूळ, काही दिसेना. तळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरतो तो वेगळाच. (कृपा करून हा प्रयोग एकट्याने करू नका.) परत येऊन त्याने अंगणात विटा रचून, ताडपत्री टाकून सव्वादोन मीटरचा हौद केला. त्यात एक दिवस गेला. हौदात सोडली तर नाक वर. शिसं लावलं, खाली गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत नाक वर! दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, की पुढच्या टोकात हवा अडकते. रोज वेगळी अडकते, म्हणून रोज वेगळं उत्तर. वरच्या बाजूला दोन बारीक भोकं पाडली आणि तो प्रश्न मिटला.

मग शिसं आणि फोम. शिसं चाकाच्या बॅलन्सिंगचं, टायरवाल्याकडून आणलेलं, तळाला अगदी खाली. फोम मात्र वर, म्हणजे पाणबुडी कलंडत नाही. आधी याने साधा थर्माकोल भरला होता. तो हळूहळू पाणी पीत होता, म्हणून वजन बदलत होतं. तो काढून दाट इन्सुलेशन फोम आणला. यात एक युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. आधी रेषेच्या खालच्या भागात शिसं-फोम हलवून तरंगणं बरोबर करायचं. ते जमलं की बुडण्यासाठी फक्त रेषेच्या वरचा फोम कापायचा किंवा वाढवायचा. वरचा फोम तरंगताना पाण्याबाहेरच असतो, त्यामुळे पहिलं जमवलेलं बिघडत नाही. याने दोन्ही एकदम करायला घेतलं होतं. एक जमलं की दुसरं फिसकटायचं.

शेवटी टाकीही चार सेंटीमीटर मागे सरकवावी लागली, कारण पाणी भरताना नाक खाली जात होतं. त्यासाठी सिलिंडर उघडा, ओ-रिंग काढा, ग्रीस लावा, परत बंद करा, गळती तपासा. आणि शेवटचं सेटिंग पंचवीस-तीस ग्रॅम हलकंच ठेवायचं. बॅटरी संपली, मोटर बंद पडली, तरी ती आपोआप वर यावी. ही काटकसर करण्याची जागा नाही. पंधरा फूट खोल तलावात कस्टमरची पाणबुडी राहिली तर काढायला कोण उतरणार?

आता आकडे. माल 54,000. मदतनिसाची मजुरी 15,000. उरले 16,000, दिवस 50. दिवसाला 320 रुपये. मी म्हटलं, "अरे, तुझ्या मदतनिसाला तू दिवसाचे पाचशे दिलेस." तो हसला नाही.

संस्थेकडे जाऊन वाढीव पैसे माग, असं मी त्याला सुचवलं होतं. तो गेला नाही. शब्द दिला होता, म्हणाला. मला वाटतं ते बरोबरच केलं, पण तुमच्यातल्या काहींना वेगळं वाटेल. डिलिव्हरी वेळेत दिली. स्विमिंग पूलमध्ये डेमो झाला, पाणबुडी गेली, आली, पोरांनी टाळ्या वाजवल्या.

हल्ली त्याच्या कोटेशनमध्ये "पाण्यातलं काम" अशी वेगळी ओळ असते, दिवस आणि दर लिहून. आणि भाव सांगायच्या आधी तो एक प्रश्न विचारतो, कुठल्या पाण्यात चालवणार? मागे कोकणातून एकाने समुद्रासाठी मागितली होती. खारं पाणी साधारण अडीच टक्के जड. या मापाच्या मॉडेलचा कोरडा आणि भरीव भाग 14 लिटर धरला, तरी साडेतीनशे ग्रॅम शिसं जास्त लागतं, नाहीतर बुडी लागणारच नाही. शिवाय रेडिओ. आजकालचे 2.4 गिगाहर्ट्झचे रिमोट गोड्या पाण्यातही थोड्याच खोलीवर दगा देतात, म्हणून तो कमी फ्रिक्वेन्सीचा सेट वापरतो. खाऱ्या पाण्यात तोही चालत नाही. ती ऑर्डर त्याने घेतली नाही. त्यांना काचेच्या पेटीतलं, न बुडणारं मॉडेल करून दिलं, आणि त्यात "पाण्यातलं काम" या ओळीपुढे शून्य लिहिलं.