ओकची रोपे आणि मुळांवरील उपकारक बुरशी

बुरशी म्हटली की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे तांबेरा, काणी, मर असे रोग उभे राहतात. तथापि सर्वच बुरशी झाडांच्या वैरी नसतात. काहींच्या साहाय्यावाचून झाडाची वाढ खुंटते. ओक वृक्ष हे याचे ठळक उदाहरण होय. हिमालयातील बांज हा ओकचाच एक प्रकार आहे.

१८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक यांनी वनवृक्षांच्या बारीक मुळांवर बुरशीचे आवरण असल्याचे दाखविले. मुळे मात्र निरोगी होती. या जोडीस त्यांनी ‘मायकोरायझा’, म्हणजे ‘बुरशी-मूळ’, असे नाव दिले. बुरशीचे तंतू मुळावरील केसांहूनही बारीक असून ते दूरवर पसरतात व स्फुरद, नत्र आणि पाणी मुळास पोचवितात. मोबदल्यात झाड त्यांना पानांत तयार झालेली साखर देते.

ओकच्या बियांत रोपास पहिले काही महिने पुरेल इतकी शिदोरी असते. म्हणून आरंभी बुरशीची उणीव जाणवत नाही. शिदोरी सरल्यावर मात्र हलक्या जमिनीत बुरशीविना रोप खुरटते, पाने पिवळट पडतात. सोव्हिएत रशियाच्या गवताळ प्रदेशात १९४८ सालच्या योजनेनुसार ओकचे वृक्षपट्टे लावताना जुन्या ओकवनातील माती बियांबरोबर खड्ड्यांत टाकण्याची पद्धत होती, ती याच कारणास्तव.

महाराष्ट्रातील साग, आंबा, संत्रा, ज्वारी यांच्या मुळांतही उपकारक बुरशी असते. परंतु ती निराळ्या जातीची असून मुळाच्या आत राहते व डोळ्यांस दिसत नाही. ओकची बुरशी या पिकांना उपयोगी पडत नाही. कोबी व मोहरी यांना बहुधा अशी बुरशी लागतच नाही.

रोपवाटिकेत पुढील काळजी घ्यावी :

(१) रोगाची खात्री झाल्याखेरीज बुरशीनाशक मातीत ओतू नये.

(२) स्फुरदयुक्त खत बेताने द्यावे. ते अतोनात झाल्यास बुरशीची वाढ मंदावते.

(३) मायकोरायझा खत वापरावयाचे झाल्यास ते पिकास योग्य जातीचे असावे व लागणीच्या वेळी मुळांना भिडेल असे घालावे.

(४) मूळची माती आणावयाची असल्यास ती त्याच जातीच्या निरोगी झाडाखालून घ्यावी. अन्यथा मातीबरोबर रोगही येतो.

(५) रोप उपटताना बारीक मुळे तोडू अथवा वाळू देऊ नयेत. रोपाचे हे सोबती त्या मुळांवरच वस्ती करून असतात.